टिनोसाचा सोळावा पाणतीर : पाणबुडीच्या गेममधला फुसका बार खरा करताना

२४ जुलै १९४३. पॅसिफिक महासागरात ट्रुक बेटांच्या पश्चिमेला ‘टिनोसा’ या अमेरिकन पाणबुडीला ‘तोनान मारू क्रमांक ३’ हे जपानी जहाज एकटं सापडलं. मूळचं देवमाशांवर प्रक्रिया करणारं कारखाना-जहाज, युद्धात तेल वाहायला जुंपलेलं, १९,००० टनांहून मोठं. टिनोसाचा कॅप्टन लॉरेन्स डॅस्पिट याने लांबून, अडचणीच्या कोनातून सोडलेल्या सुरुवातीच्या पाणतीरांनी (टॉर्पेडोंनी) ते जागीच थांबलं. मग डॅस्पिटने कुठल्याही प्रशिक्षणात शिकवतात तशी जागा निवडली: जहाजाच्या बरोबर कुशीला, काटकोनात, ८७५ यार्डांवर. तिथून एकेक करत नऊ पाणतीर सोडले. नऊच्या नऊ लागले, आणि एकही फुटला नाही.

पेरिस्कोपला डोळा लावून डॅस्पिट प्रत्येक पाणतीराची नोंद करत होता. त्या सकाळचा अकरावा पाणतीर जहाजाच्या डाव्या अंगाला मागच्या बाजूस आदळला, पाण्याचा फवारा उडाला, मग तो पाणतीर उजवीकडे वळला आणि जहाजापासून शंभरेक फुटांवर पाण्याबाहेर उसळला. हे आपण डोळ्यांनी पाहिलं यावर स्वतःचाच विश्वास बसत नाही, असं त्याने नोंदवहीत लिहून ठेवलं. एकूण १५ पाणतीर सोडून झाल्यावर त्याने हात आखडता घेतला. सोळावा आणि शेवटचा पाणतीर त्याने जपून पर्ल हार्बरला परत नेला, तज्ज्ञांनी उघडून पाहावा म्हणून.

दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुड्यांचा एक जुना गेम आहे. त्यासाठी आम्ही तिघे मित्र फावल्या वेळात मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये खेळाडूंनीच केलेले बदल, बनवतो. त्या मॉडमध्ये ही सकाळ जशीच्या तशी खेळता यावी, असं आम्ही ठरवलं. हे काम दोन आठवड्यांचं वाटलं होतं. त्याला दीड वर्ष लागलं. कारण ही मोहीम बांधता बांधता आमच्या मॉडमधला प्रत्येक पाणतीर आम्हाला पहिल्यापासून नव्याने लिहावा लागला. ते का आणि कसं, ते इथे सविस्तर मांडतो.

फाशाचा पाणतीर

मूळ गेममध्ये पाणतीर जहाजाला लागला की त्या क्षणी एक फासा पडतो. अमुक आकड्याच्या आत आला तर फुसका, नाहीतर स्फोट. आमच्या आधीच्या मॉडमध्येही हीच पद्धत होती, फक्त तारखेनुसार आकडे बदलायचे. १९४२ मध्ये फुसक्यांचं प्रमाण जास्त, १९४४ मध्ये कमी. बहुतेक खेळाडू याला ‘रिअ‍ॅलिस्टिक’ म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर आम्हीही म्हणायचो.

टिनोसाची मोहीम बांधायला घेतली तेव्हा हे गणित कोसळलं. समजा, दर पाणतीर फुसका निघण्याची शक्यता निम्मी धरली. तर ओळीने नऊ फुसके येण्याची शक्यता ५१२ मध्ये एक. शंभरात सत्तर धरली, तरी नऊच्या नऊ फुसके यायला शंभर खेळांत जेमतेम चार वेळा जमेल. म्हणजे ही मोहीम शंभर जण खेळले तर त्यातल्या शहाण्णवांना डॅस्पिटने पाहिलं ते दिसणारच नाही. आकडा आणखी वाढवावा, तर पूर्ण युद्धाच्या मोहिमेत जपानी व्यापारी जहाजं सुखरूप ये-जा करत राहणार, जे खरं नव्हतं.

फाशाचा दुसरा दोष याहून खोल होता. त्याच्याकडून शिकण्यासारखं काहीच नसायचं. पाणतीर फुसका निघाला की खेळाडू शिवी हासडतो, मागचा सेव्ह उघडतो, पुन्हा सोडतो आणि या वेळी जहाज बुडतं. त्याच्या मनात नशिबावर राग येतो. डॅस्पिटला राग पाणतीरावर आला होता, आणि या दोन रागांत फार अंतर आहे. पाणतीरावर राग आलेला माणूस विचार करायला लागतो: कुठून सोडला, किती खोलीवर, कुठल्या कोनात? त्या काळातल्या कॅप्टनांनी हा विचार करत करत, वरिष्ठांशी भांडत भांडत, पावणेदोन वर्षं काढली. तो विचार गेममध्ये आणायचा असेल तर प्रत्येक फुसक्या बारामागे कारण हवं. फासा पूर्ण काढून टाकायचा, हे आम्ही तिथे ठरवलं.

तीन दोष, एकामागे एक लपलेले

या अमेरिकन पाणतीराचं नाव मार्क १४. व्यास २१ इंच, लांबी साडेवीस फूट, वजन जवळजवळ दीड टन. दोन वेग: ४६ नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) ४,५०० यार्ड किंवा ३१ नॉटने ९,००० यार्ड. ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टच्या नौदल केंद्रात तो आणि त्याचा मार्क ६ हा स्फोटक, म्हणजे बार उडवणारं यंत्र, तयार झाला. स्फोटकात दोन यंत्रणा होत्या. एक चुंबकीय: जहाजाच्या पोटाखालून जाताना त्याच्या लोखंडाने बदललेलं चुंबकीय क्षेत्र ओळखून फुटणारी. दुसरी साधी, आदळल्यावर फुटणारी. एका पाणतीराची किंमत तेव्हा सुमारे १०,००० डॉलर, म्हणून खऱ्या स्फोटाच्या चाचण्या टाळल्या गेल्या. १९२६ मध्ये एका जुन्या पाणबुडीच्या सांगाड्यावर दोन पाणतीर सोडले, त्यातला एक फुटला आणि दुसरा नाही. एवढ्यावर हा स्फोटक युद्धात उतरला.

त्यात तीन दोष होते. पाणतीर खूप खोल धावायचा. चुंबकीय यंत्रणा कधी लवकर फुटायची, कधी फुटायचीच नाही. आणि आदळून फुटणारी पिन नेमका सरळ दणका बसला की निकामी व्हायची. हे तिन्ही दोष एकाच वेळी उघडे पडले असते तर प्रश्न महिन्याभरात सुटला असता. पण पहिला दोष दुसऱ्याला झाकत होता आणि दुसरा तिसऱ्याला. पाणतीर जहाजाखालूनच जातो आहे तोवर पिन चालते की नाही हे कळणार कसं? खोली दुरुस्त झाली तेव्हा चुंबकीय दोष उघडा पडला. चुंबकीय यंत्रणा काढली तेव्हा पिनचा दोष दिसला. पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख चेस्टर निमित्झ यांनी चुंबकीय यंत्रणा बंद करण्याचा आदेश दिला तो २४ जून १९४३ रोजी. टिनोसाची सकाळ उजाडली ती बरोबर एक महिन्याने.

आमच्या जुन्या मॉडमध्ये हे तिन्ही दोष एकाच आकड्यात कोंबलेले होते. ती आमची मोठी चूक होती.

खोलीचं गणित

पहिला दोष सोडवायला सोपा निघाला, कारण त्याचं भौतिकशास्त्र सरळ आहे. पाणतीर आपली खोली पाण्याच्या दाबावरून ओळखतो. मार्क १४ मध्ये दाब मोजणारं छिद्र शेपटीच्या निमुळत्या भागावर होतं. वेगाने धावणाऱ्या पाणतीराच्या त्या भागावरून पाणी वाहताना दाब कमी होतो. यंत्राला वाटतं आपण पृष्ठभागाजवळ आहोत, म्हणून ते पाणतीराला खाली नेतं.

४६ नॉट म्हणजे सेकंदाला जवळजवळ २४ मीटर. या वेगाच्या पाण्याचा गतिदाब सुमारे २८ मीटर खोलीच्या पाण्याइतका भरतो. त्याच्या आठव्या हिश्श्याने जरी शेपटीवर दाब घटला, तरी साडेतीन मीटरची, म्हणजे साधारण ११ फुटांची चूक झाली. आम्ही हेच सूत्र घातलं: चूक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे न सांगताच दुसरी एक गोष्ट आपोआप घडली. ३१ नॉटच्या मंद वेगावर चूक फक्त पाच फुटांवर आली. मॉडच्या माहितीपत्रकात हे आम्ही लिहिलेलं नाही. खेळाडूने शोधायचं.

हा दोष खऱ्या युद्धात उघड झाला तो कोळ्याच्या जाळ्यामुळे. जून १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य टोकाला अल्बानीजवळच्या फ्रेंचमन बेमध्ये रिअर अ‍ॅडमिरल चार्ल्स लॉकवूड यांनी मासेमारीचं जाळं पाण्यात टांगायला लावलं आणि ‘स्किपजॅक’ पाणबुडीला त्यावर पाणतीर सोडायला सांगितला. खोली लावली होती १० फूट. जाळ्याला भोक पडलं २५ फुटांवर. न्यूपोर्टने आधी चाचणीच चुकीची ठरवली, आणि शेवटी १ ऑगस्ट १९४२ रोजी पाणतीर लावलेल्या खोलीपेक्षा १० फूट जास्त खोल धावतो हे मान्य झालं. कोकणातल्या कुठल्याही रापणवाल्याला जाळ्याचं भोक किती खोलीवर आहे हे मोजता येईल. तेवढंच करायला एका महासत्तेला युद्धाचे सहा महिने लागले, हे वाचताना मला आजही अस्वस्थ वाटतं.

गेममध्ये आम्ही हे जाळं दिलं आहे. १९४२ च्या मोहिमेत तळावर असताना खेळाडू एक दिवस खर्च करून चाचणी मागू शकतो. मागितली नाही तर कोणी सुचवत नाही.

पिन

खरा वेळ खाल्ला तो पिनने. आमच्यातला एक जण पिंपरीला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात चाचणी विभागात आहे. त्याचं रोजचं काम म्हणजे वस्तू उंचावरून पाडणं आणि काय तुटलं ते बघणं. मी त्याला पिनची हकिकत फोनवर सांगितली तेव्हा तो पटकन म्हणाला, “अरे, पिन तुटत नसेल. अडकत असेल. आडवी सरकते का ती?”

आडवीच सरकायची. स्फोटकातली पिन पाणतीराच्या धावेच्या दिशेला आडव्या खाचेतून सरकून स्फोटक टोपीवर बसायची. ही रचना मूळची ३३.५ नॉटच्या मंद पाणतीरांसाठीची होती आणि त्या वेगाला ती नीट चालायची. ४६ नॉटवर पाणतीराचा पुढचा भाग पोलादी बाजूवर सरळ आदळला की तो गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५०० पट ताकदीने थांबतो. मित्राने कागदावर मांडलं: एवढ्या ताकदीने थांबायचं तर जेमतेम सहा सेंटिमीटर जागेत, सेकंदाच्या दोनशेव्या भागात. तेवढ्या वेळात पिनला बाहेर सरकायचं आहे, आणि त्याच वेळी तिचं स्वतःचं वजन ५०० पट होऊन ती खाचेच्या भिंतीवर दाबली जाते. घर्षण इतकं वाढतं की स्प्रिंगचा जोर टोपीपर्यंत पोचेस्तोवर संपून जातो.

म्हणून आम्ही तीनच आकडे ठेवले: आदळण्याचा सरळ दिशेतला वेग, पिनचं वजन आणि स्प्रिंगचा जोर. पाणतीर तिरका लागला तर सरळ दिशेतला वेग कोनाप्रमाणे घटतो. ४५ अंशांवर ४६ नॉटचे साडेबत्तीस नॉट होतात. हा आकडा पडद्यावर आला तेव्हा आम्ही तिघेही फोनवर गप्प झालो. साडेबत्तीस, म्हणजे पिन ज्या वेगासाठी बनली होती त्याच्या अगदी लगतचा. तिरका पाणतीर का फुटतो आणि सरळ का फुटत नाही, याचं पूर्ण उत्तर त्या एका आकड्यात होतं.

इतिहासात हे उत्तर हवाईतल्या काहोओलावे बेटाच्या कड्यांवर सापडलं. ३१ ऑगस्ट १९४३ रोजी ‘मस्कलंज’ पाणबुडीने कड्यांच्या पाण्याखालच्या भिंतीवर पाणतीर सोडले. पहिले दोन फुटले, तिसरा फुटला नाही. तो बाहेर काढून उघडला तर पिन सुटली होती, पण टोपीपर्यंत पुरेशा जोराने पोचली नव्हती. त्यानंतर दारू न भरलेली शीर्षं क्रेनने ९० फुटांवर नेऊन खालच्या पोलादी पत्र्यावर पाडण्यात आली. पत्रा काटकोनात असताना दहापैकी सात फेल. पत्रा तिरका ठेवला की अपयश निम्म्यावर.

नव्वदच फूट का? मित्राने पेन उचललं आणि हिशेब केला. ९० फुटांवरून पडणारी वस्तू जमिनीला लागते तेव्हा तिचा वेग सेकंदाला २३ मीटरहून थोडा जास्त, म्हणजे ४५ नॉट होतो. “बरोब्बर आहे,” तो म्हणाला, “आम्हीपण उंची अशीच काढतो.” ऐंशी वर्षांपूर्वी पर्ल हार्बरला क्रेन चालवणाऱ्या माणसांच्या आणि पिंपरीतल्या त्याच्या टेबलाच्या मधलं अंतर त्या वाक्यात मिटलं.

आमच्या सूत्रावरून पिन चालली की नाही हे प्रत्येक वेळी एकच उत्तर यायचं. सरळ लागला की फुसका, नेहमीच. पण क्रेनवर दहापैकी तीन फुटले होते. म्हणून प्रत्येक पाणतीराला, तो पाणबुडीत चढवतानाच, त्याच्या खाचेचा खरखरीतपणा नेमून दिला. एकाच खेपेत आलेल्या पाणतीरांचे आकडे एकमेकांच्या जवळ, वेगवेगळ्या खेपांचे दूर. हे आमचं गृहीतक आहे. खुद्द डॅस्पिटलाही आपल्याला खराब खेप मिळाली असा संशय होता, म्हणून ते आम्हाला पटलं. यात एक बारीक पण महत्त्वाचा फरक आहे. चिठ्ठी आदळताना पडत नाही, महिनाभर आधी गोदामात पडलेली असते. जुना सेव्ह उघडून तोच पाणतीर पुन्हा तसाच सोडला तर तो पुन्हा तसाच फुसका निघतो. सेव्ह उघडून सुटका करून घेण्याची वाट इथे बंद झाली. काही खेळाडू यावर नाराज आहेत. त्यांची नाराजी मला समजते, पण हा निर्णय मी बदलणार नाही.

दुरुस्तीही सोपी झाली. खऱ्या युद्धात पर्ल हार्बरच्या कार्यशाळेत हलक्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या पिना बनवल्या. वजन कमी, म्हणून दाब कमी, म्हणून घर्षण कमी. आम्ही फक्त पिनच्या वजनाचा आकडा बदलला आणि सरळ लागलेले पाणतीर फुटायला लागले. सूत्राला हात लावावा लागला नाही, तेव्हा ते बरोबर आहे अशी खात्री पटली.

उसळणारा पाणतीर

मूळ गेममध्ये फुसका पाणतीर आदळला की नाहीसा व्हायचा. एक ‘ठक्क’ आणि संपलं. डॅस्पिटच्या नोंदवहीतला तो उजवीकडे वळून पाण्याबाहेर उसळणारा पाणतीर आम्हाला हवाच होता. म्हणून आदळल्यावर पाणतीराला वस्तू म्हणून जिवंत ठेवलं: वजन दीड टन, उरलेला वेग, फिरता पंखा. आता तो कधी जहाजाच्या बाजूने घासत जातो, कधी नाक वर करून पाण्याबाहेर येतो, कधी सरळ बुडतो. पहिल्यांदा तो तसा उसळला ती रात्र माझ्या चांगली लक्षात आहे. आम्ही तो तुकडा सात-आठ वेळा पाहिला. पेरिस्कोपच्या गोलात पांढरा फवारा, त्यातून बाहेर आलेला काळा, चकाकणारा दांडा, आणि मागे जहाजाच्या कठड्याशी धावणारी माणसं.

आवाजावरही काम केलं. ८७५ यार्ड म्हणजे बरोबर ८०० मीटर. ४६ नॉटने जाणाऱ्या पाणतीराला ३४ सेकंद लागतात. मूळ गेममध्ये या वेळात संगीत वाढत जायचं. आम्ही ते काढून टाकलं. आता फक्त ध्वनियंत्रावर बसलेल्या माणसाच्या कानातली पाणतीराच्या पंख्याची घरघर ऐकू येते, ती दूर जाते, मग एक बोदा आवाज होतो, आणि घरघर थांबते. ही चौतीस सेकंदं नऊ वेळा काढून पाहावीत.

नोंदवही

मोहीम चाचणीला दिली तेव्हा एक नवी अडचण आली. पाणतीर आता खरे झाले होते, तरी बहुतेक खेळाडू नऊ फुसके सोडून चिडून बाहेर पडत होते. कारण होतं, पण ते दिसायला मार्ग नव्हता.

वाट दाखवली ती एका मित्राच्या काकांनी. ते नौदलातून निवृत्त झाले, आता अलिबागजवळ राहतात. शस्त्रांबद्दल त्यांनी एक अक्षर सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. त्यांना फक्त मोहीम दाखवली. ते शांतपणे शेवटपर्यंत बघत राहिले आणि म्हणाले, “हे सगळं ठीक आहे रे, पण लिहून कोण ठेवतंय?”

“म्हणजे काय, काका?”

“शस्त्र चाललं नाही की आधी लिहायचं. वेळ, अंतर, कोन, खोली. रागवायचं नंतर. तुमच्या या पोराला लिहायची सोयच नाही.”

मग ते बराच वेळ ‘खुकरी’ या भारतीय युद्धनौकेबद्दल बोलले. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवच्या किनाऱ्यापासून दूर पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ने तिला बुडवलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. त्या दिवशीही हंगोरचा आधी सोडलेला पाणतीर फुटला नव्हता, त्यानंतरच्या पाणतीराने घात केला. काकांनी ज्या आवाजात हे सांगितलं, त्यानंतर आमच्यापैकी कोणीही पाणतीराला ‘मस्त’ हा शब्द लावलेला नाही.

पुढच्याच आठवड्यात गेममध्ये नोंदवही आली. प्रत्येक पाणतीर सुटला की तिच्यात एक ओळ पडते: वेळ, अंतर, लावलेली खोली, वेग, लागला तो अंदाजे कोन, परिणाम. निष्कर्ष काही लिहिलेला नसतो. पण दहा-बारा ओळी झाल्या की शेवटचे दोन रकाने एकमेकांशी बोलायला लागतात. लांबून, तिरके गेलेले: स्फोट. काटकोनात गेलेले: फुसके.

त्यानंतरच्या चाचणीत नाशिकच्या एका मुलीने, कॉलेजात शिकणारी, पूर्वी पाणबुडीचा गेम कधी न खेळलेली, पाच फुसक्यांनंतर सोडणं थांबवलं. तिने नोंदवही उघडली आणि बराच वेळ ती वाचत राहिली. मग पाणबुडी हलवली आणि जहाजाच्या मागच्या अंगाला जाऊन तिरका नेम धरला. पाणतीर फुटला. तिने दोन सोडले, दोन्ही फुटले, आणि तोनान मारू कलंडू लागलं.

तिने केलं ते लॉकवूड यांनी हवाईच्या चाचण्यांनंतर समुद्रावरच्या पाणबुड्यांना कळवलेल्या तोडग्यासारखंच होतं: नव्या पिना मिळेपर्यंत काटकोन टाळा, तिरके मारा. आम्ही तिला यातलं काहीही सांगितलं नव्हतं.

ठेवलं काय, सोडलं काय

गोल फिरून परत येणाऱ्या पाणतीरावर आमचे मतभेद झाले आणि ते अजून पूर्ण मिटलेले नाहीत. २५ ऑक्टोबर १९४४ रोजी फॉर्मोसाच्या (आजच्या तैवानच्या) सामुद्रधुनीत ‘टँग’ या अमेरिकन पाणबुडीने सोडलेला शेवटचा पाणतीर वळून तिच्यावरच आला आणि तिला बुडवून गेला. तिचा कॅप्टन रिचर्ड ओकेन धरून नऊ जण वाचले. हा पाणतीर विजेवर चालणारा मार्क १८ होता. सुकाणू का अडकलं, ते कारण त्या पाणतीराबरोबरच समुद्राच्या तळाशी गेलं. आमचा नियम असा की कारण नसेल तर दोष नाही. त्या नियमाने गोल फिरणारा पाणतीर गेममध्ये येऊच शकत नव्हता, कारण तिथे पुन्हा फासाच टाकावा लागला असता. दुसऱ्या मित्राचं म्हणणं, ज्या कॅप्टनच्या मनात ही भीती नाही तो खरा कॅप्टनच नव्हे. शेवटी तो दोष वेगळा पर्याय म्हणून ठेवला, मुळात बंद. ज्याला हवा त्याने सुरू करावा.

तळावरच्या अधिकाऱ्यांचे संदेश मात्र जसेच्या तसे कडू ठेवले. १९४२ मध्ये खेळाडूने फुसक्यांची तक्रार केली तर उत्तर येतं की निशाणा चुकला असेल. त्या काळातल्या कॅप्टनांना हेच ऐकून घ्यावं लागलं. काही परीक्षकांनी हे संदेश मवाळ करा असं सुचवलं. आम्ही नाही केले.

राहिला प्रश्न टिनोसाच्या मोहिमेत जिंकणं म्हणजे काय, याचा. जुन्या नियमाने जहाज बुडलं तरच विजय. डॅस्पिट त्या नियमाने हरला असता. तोनान मारू त्या दिवशी तरंगत राहिलं. पुढे फेब्रुवारी १९४४ मध्ये ट्रुकवर झालेल्या विमानहल्ल्यात ते बुडालं, १९५१ मध्ये वर काढलं गेलं आणि पुन्हा देवमाशांच्या मागे समुद्रावर गेलं.

म्हणून मोहिमेला आता दोन शेवट आहेत. नाशिकच्या मुलीसारखं कोडं सोडवून जहाज बुडवलं तर विजय. आणि न बुडवता, नोंदवही भरून, नळीत एक पाणतीर शिल्लक ठेवून पर्ल हार्बरला परतलं, तरी विजय. या दुसऱ्या शेवटात खेळाडू धक्क्याला लागतो, माणसं पाणतीर उतरवून कार्यशाळेत नेतात, आणि तो उघडून पाहिल्यावर अहवाल येतो की त्यात काहीही दोष आढळला नाही. इतिहासातही तसंच झालं होतं. त्या पडद्यावर ‘पुढे’ असं बटण नाही. नोंदवही उघडता येते, आणि खाली एक ओळ लिहायला जागा ठेवली आहे: कॅप्टनची शिफारस.